तुरीची पट्टी आणि मराठी आकडे

संक्रांतीच्या आसपास भालकी, हुमनाबाद, आळंद भागातली तूर बाजारात यायला लागते. 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा या भागाला अभिमान आहे. पण शेतकऱ्याचं सगळं लक्ष असतं ते हातात पडणाऱ्या पट्टीवर. कट्टे किती, वजन किती, बारदानाची घट किती, दर काय लागला आणि हमाली, तोलाई, आधीची उचल वजा जाऊन उरलं किती. भालकी तालुक्यातल्या एका अडत्यांसाठी ही पट्टी ब्राउझरवर करून देण्याचं काम माझ्याकडे आणि नुकत्याच इंजिनिअर झालेल्या दोन मुलांकडे आलं.

दुकानातले मुनीमकाका वजन मराठीत मोजतात, कागद कन्नडमध्ये भरतात आणि हमालांशी दख्खनीत बोलतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, तरी घराघरांतली मराठी टिकून राहिली. साहजिकच पडदा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत हवा होता.

पूर्वी असं काम जेक्वेरीवर व्हायचं. वजन बदललं की घट बदला, रक्कम बदला, खालची बेरीज बदला, आणि प्रत्येक चौकटीसाठी वेगळी ओळ लिहा. एखादी ओळ राहिली तर पट्टीवर जुना आकडा छापला जाणार. २०१० मध्ये स्टीव्ह सँडरसन यांचं नॉकआउट आलं, त्याच वर्षी अँग्युलरजेएस, आणि २०१४ मध्ये इव्हान यू यांचं व्ह्यू. डेटा बाइंडिंग करणाऱ्या या लायब्ररींचं सूत्र एकच: आकडा एका जागी ठेवायचा आणि पडद्याने त्याच्यामागे चालायचं. मुनीमकाकांना हे समजावताना मुलांनी एक्सेलची शीट उघडून दाखवली. वरचं वजन बदललं की खालची बेरीज आपोआप बदलते, तसंच हे. उदाहरण चपखल होतं, कारण डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये हीच कल्पना होती.

आम्ही व्ह्यू निवडलं. दुकानातला संगणक जुना, आणि व्ह्यू पानात एका स्क्रिप्टच्या ओळीने जोडता येतं. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रॉक्सी वापरलेली आहे. रक्कम काढताना वजन आणि दर वाचले गेले, याची ती नोंद ठेवते. पुढे दर बदलला की रक्कम पुन्हा काढायची हे तिला ठाऊक असतं. मराठी-कन्नडची अदलाबदलही याच रीतीने झाली. भाषेचं नाव एका जागी बदललं की पट्टीवरची सगळी शीर्षकं बदलतात.

खरी परीक्षा आकडे भरताना झाली. हमाली पन्नास, तोलाई वीस, दोन्ही इंग्रजी आकड्यांत. चौकटीतून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. त्यामुळे जावास्क्रिप्टने बेरीज सत्तर न करता दोन्ही एकापुढे एक जोडले: पाच हजार वीस! पुढे वजाबाकी करताना मात्र तीच भाषा त्या मजकुराला संख्या मानते. शेतकऱ्याच्या पट्टीतून सरळ पाच हजार वीस रुपये गेले असते. व्ह्यूमध्ये चौकट आकड्याशी बांधणाऱ्या व्ही-मॉडेलला 'नंबर' हा शब्द जोडला की हे थांबतं.

थांबतं, पण इंग्रजी आकड्यांपुरतंच. मुनीमकाकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड. त्यांनी '७०' टाकलं आणि रकमेच्या जागी 'नॅन' अशी तीन इंग्रजी अक्षरं उमटली, म्हणजे ही संख्याच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६ क्रमांकावर आहे, कन्नड शून्य ३३०२ वर. अक्षराच्या क्रमांकातून त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की खरा अंक मिळतो. चार ओळींचं काम, पण ते लायब्ररी करत नाही. आपणच करायला हवं.

यादीत शेतकऱ्याचं नाव शोधताना आणखी एक गोष्ट निघाली. "नाव लिहिलंय की मी, यादी का हलंना?" काकांनी विचारलं. फोनचा कीबोर्ड शब्द अजून पुरा झालेला नाही असं ब्राउझरला सांगत असतो, आणि व्ही-मॉडेल तोवर थांबून राहतं. चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांसाठी ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. इथे मात्र 'पाटील' पूर्ण लिहूनही स्पेस दिल्याशिवाय यादी जागची हलेना. उपाय व्ह्यूच्याच मार्गदर्शिकेत आहे: व्ही-मॉडेल सोडून चौकटीतला मजकूर वेगळा बांधायचा आणि प्रत्येक 'इनपुट' घटनेला तो आपण लिहायचा. तसं केल्यावर 'पा' लिहिताच सगळे पाटील समोर आले.

भाषेमुळे माणूस अडतो असं म्हणण्याआधी प्रोग्राम कुठे अडतो ते पाहायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. बीदरच्या गुरु नानक देव, भालकीच्या भीमण्णा खंड्रे आणि कलबुर्गीच्या पीडीए महाविद्यालयांतल्या मुलामुलींना म्हणूनच विनंती आहे: प्रोजेक्ट सादर करण्याआधी फोनचा कीबोर्ड एकदा मराठीवर आणि एकदा कन्नडवर टाका, आणि आपल्याच फॉर्ममध्ये एक रक्कम आणि एक आडनाव भरून पाहा.