हुकलेल्या चेंडूचा एक गुण

सेमिनरीच्या शेवटच्या वर्षी एका अंतिम सामन्यात मी मारलेली पेनल्टी खांबावर आदळून बाहेर गेली आणि आम्ही सामना गमावला. कुणी रागावले नाही. उलट त्या रात्री भोजनगृहात सगळे माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने वागले, आणि तेच मला अधिक बोचले. फुटबॉलमध्ये हुकलेल्या चेंडूला काही मोल नसते, हे त्या दिवशी मनावर कोरले गेले.

काही वर्षांपूर्वी मेलबर्नला जाण्याचा योग आला. वसईहून तिकडे स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे माझा मुक्काम होता. ही आठवण मी जेवताना सहज सांगितली, तेव्हा यजमान हसून म्हणाला, "फादर, आमच्या इथे तुम्हाला त्याचा एक गुण मिळाला असता!"

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच, बाजूचे दोन ठेंगणे. उंच खांबांमधून लाथेने चेंडू नीट गेला तर गोल, म्हणजे सहा गुण. उंच आणि ठेंगण्या खांबांच्या मधून गेला, किंवा उंच खांबाला लागला, तर 'बिहाइंड', म्हणजे एक गुण. नेम चुकल्याचीही नोंद ठेवणारा हा खेळ मला तिथेच आवडला.

यजमानाचे पहिले बिऱ्हाड सेंट किल्डा या उपनगरात होते, म्हणून तो त्याच संघाचा पाठीराखा. ही संत कोण, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. संतांच्या यादीत या नावाचे कुणीच नाही! किनाऱ्यालगत नांगरून राहिलेल्या 'लेडी ऑफ सेंट किल्डा' नावाच्या शिडाच्या जहाजावरून उपनगराला हे नाव मिळाले. तरीही तेथील खेळाडूंना सारे 'सेंट्स' म्हणजे संतच म्हणतात. या संतांच्या पदरी अजिंक्यपद एकच, १९६६ सालचे. त्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडशी बरोबरी झाली असताना बॅरी ब्रीनचा चेंडू मुख्य खांबांमधून न जाता बाजूने गेला. एक गुण मिळाला आणि ७४-७३ असा विजय झाला. हुकलेल्या चेंडूवर जिंकलेले अजिंक्यपद!

त्या रात्री यजमानाने मला २०१० सालच्या अंतिम सामन्याचे चित्रण दाखवले. तारीख २५ सप्टेंबर, समोर पुन्हा कॉलिंगवूड. आदल्याच वर्षी सेंट किल्डा अंतिम सामन्यात जीलाँगकडून १२ गुणांनी हरला होता. मैदान मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, जिथे १९८५ साली आपल्या गावसकरांच्या संघाने पाकिस्तानला नमवले. प्रेक्षक १,००,०१६, त्यांत आमचा यजमानही होता. मध्यंतराला सेंट किल्डा २४ गुणांनी मागे. पुढे मात्र त्यांनी फरक तोडत आणला. अखेरच्या भागात ब्रेंडन गॉडर्डने प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यांवरून झेप घेऊन चेंडू झेलला, गोल केला आणि सेंट किल्डा पुढे गेला. कॉलिंगवूडने ती आघाडीही पुसली आणि एका गुणाने वर चढले.

थोडाच वेळ उरला होता. लेनी हेजने लांबून चेंडू मारला. गोलसमोर स्टीफन मिल्न एकटाच धावत होता. चेंडू जमिनीवर पडला आणि त्याच्या हातांत न येता भलतीकडेच उसळला. लंबगोल चेंडूचा काय भरवसा! खांबांच्या बाजूने तो निघून गेला. एक गुण. ६८-६८. भोंगा वाजला तेव्हाही तेवढेच. खेळाडू होते तिथे गवतावर बसले. हसावे की रडावे, कुणालाच उमगेना.

त्या वेळी अंतिम सामना बरोबरीत सुटल्यास तो पुन्हा खेळवत. २०१६ साली तो नियम बदलला आणि आता जादा वेळ देतात. २ ऑक्टोबरला दोन्ही संघ पुन्हा उतरले. कॉलिंगवूडने १०८-५२ अशी धूळ चारली. तो सामना यजमानाने मला दाखवला नाही, मीही मागितला नाही.

"त्या एका गुणाने तुम्ही हरण्यापासून वाचलात ना?" मी विचारले.

"वाचलो, फादर. पण आठवडाभरच." त्याने चित्रण मागे नेले. हेजने पुन्हा चेंडू मारला, मिल्न पुन्हा धावला. आम्ही दोघेही नकळत पुढे झुकलो.