मान वर, कान बंद!

विमाननगर, कल्याणीनगर किंवा खराडीत तुमचं ऑफिस असेल तर हा सीन ओळखीचा असणार. क्लायंटचा कॉल ऐन रंगात आलाय, टीम लीड काहीतरी महत्त्वाचं बोलणार... आणि लोहगावहून सुखोईची जोडी उडते. काचा थरथरतात, सगळे पटापट म्यूट होतात. अशा वेळी ऑफिसात दोन जमाती दिसतात. एक, कपाळाला आठ्या घालून 'रोजचं झालंय यार' म्हणणारी. दुसरी, खुर्ची मागे ढकलून खिडकीकडे पळणारी.

मी दुसऱ्या जमातीतली. फ्रीलान्सर असल्यामुळे खिडकी बहुतेक वेळा कुठल्यातरी कॅफेची असते आणि कॉफी सांडते, एवढाच फरक.

'मुलगी असून फायटर विमानांचं वेड?' हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. २०१८मध्ये अवनी चतुर्वेदीने एकटीने मिग-२१ उडवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. असं विचारणाऱ्याला मी हल्ली उत्तर देत नाही, विमानाचं नाव विचारते. सुखोई आणि तेजसमधला फरक ओळखता आला तर पुढे बोलू. (बहुतेक जण पुढे बोलत नाहीत.)

या वेडापायी मी फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्याहून रात्रीची स्लीपर पकडून बंगळुरू गाठलं. एरो इंडिया! येलहंकाच्या एअर फोर्स स्टेशनवर १९९६पासून दर दोन वर्षांनी भरणारी ही विमानांची जत्रा. पहिले तीन दिवस सुटाबुटातल्या धंदेवाल्यांचे, शेवटचे दोन आपल्यासारख्यांचे. फक्त हवाई कसरती बघायच्या तर हजार रुपयांचं तिकीट. त्या हजारात तुम्हाला मिळतं एक मोकळं मैदान, डोक्यावर बंगळुरूचं ऊन आणि शेजारी एखादा अनोळखी माणूस, जो आवाजावरून इंजिन ओळखतो. अशी माणसं मला कुठल्याही पार्टीत भेटलेली नाहीत.

नवख्यांसाठी एक टिप. आवाज येतो तिकडे बघू नका, विमान तिथे नसतंच! ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला अडीचशे मीटर कापतं. ते तुमच्यापासून किलोमीटरभर लांब असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तीनेक सेकंद लागतात. तेवढ्यात ते पाऊण किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या पुढे बघायचं. गर्दीतले जुने खेळाडू यावरून लगेच ओळखू येतात, त्यांच्या माना बाकीच्यांपेक्षा थोड्या पुढे वळलेल्या असतात.

आणि आफ्टरबर्नर! इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या झोतात आणखी इंधन फवारायचं आणि ते पेटवायचं, इतकी साधी आयडिया. मागे केशरी ज्वाळा दिसते आणि मग तो आवाज कानाऐवजी थेट छातीत शिरतो. सुखोई-३० एमकेआयच्या इंजिनांची नळकांडी वळू शकतात, त्यामुळे ते अवजड धूड हवेत जवळजवळ थांबून गिरकी घेतं. त्या वर्षी रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५, दोन्ही एकाच मैदानावर आली होती. अख्खी पब्लिक त्यांच्यासाठी वेडी झालेली. मी मात्र आपल्या सुखोईवरच लट्टू! २००२मध्ये एमकेआय हवाई दलात दाखल झालं तेच मुळी लोहगावात, त्यामुळे ते मला आमच्या गल्लीतलं वाटतं.

मग सूर्यकिरण. नऊ हॉक विमानं, एकमेकांपासून काही वेळा पाच मीटरहूनही कमी अंतरावर. आपण पार्किंगमध्ये दोन गाड्यांत सोडतो त्यापेक्षा थोडंसं जास्त. मागे तिरंगी धूर. या धुराची यंत्रणा नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाली, हे मला माझ्या मामाने सांगितलं. 'बंगळुरूला जाऊन नाशिकचाच धूर बघून आलीस,' असं म्हणाला.

मामाबद्दल सांगायला हवं. तो ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होता. ओझरचा कारखाना १९६४मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी सुरू झाला, पुढे तिथे सुखोईही बनू लागलं. मामाची नोकरी या दोन विमानांत गेली. पण एअर शोला तो कधीच आला नाही. मी तिकिटं काढून देते म्हटलं तरी नाही. तो लाइव्ह प्रक्षेपण बघतो, तेही विचित्र पद्धतीने. कसरती चालू असताना पेपर चाळतो, चहा घेतो. विमान उतरायला लागलं की चष्मा लावून पुढे सरकतो. चाकं टेकली, वेग कमी झाला, विमान धावपट्टीवरून वळलं, की परत पेपर. टाळ्या वगैरे काही नाही. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला, तेव्हाही त्याने हेच केलं. मी इकडे फोनवर हुंदके देतेय आणि हा म्हणतो, 'सगळी उतरली ना? मग झालं.'

त्याच ऑक्टोबरमध्ये नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केलं, तेव्हा मात्र स्वारी खूश होती. फॅमिली ग्रुपवर तोच व्हिडिओ त्याने तीनदा टाकला.

आणि २१ नोव्हेंबरला दुबई. एअर शोचा शेवटचा दिवस, तेजस कसरत करता करता खाली आलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्या विमानाचा नाशिकच्या नव्या विमानाशी संबंध नव्हता, पण मामाने दोन दिवस फोन उचलला नाही. तासाभरात तो व्हिडिओ माझ्याकडे सात जणांनी पाठवला. 'तुझ्या आवडीचा विषय' असं लिहून! दुबईतला शो पुढे चालूच राहिला. अमेरिकेच्या एफ-१६च्या डेमो टीमने मात्र आपलं शेवटचं प्रदर्शन रद्द केलं. माझ्या मते तेच बरोबर होतं.

येलहंकालाही हे घडलेलं आहे. १९ फेब्रुवारी २०१९ला, एरो इंडिया सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सरावात सूर्यकिरणची दोन हॉक एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. ज्या आकाशाखाली मी तोंडाचा आ करून उभी होते, तेच आकाश. हे मला आधीही माहीत होतं, पण उभी असताना आठवलं नव्हतं.

माझी एक मैत्रीण म्हणते, 'अगं, ही माणसं मारायची यंत्रं आहेत, तू त्यांना क्यूट म्हणतेस.' तिचं चुकत नाही. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं, त्या दिवसांत कॅफेच्या वरून विमान गेलं तर मी खिडकीकडे पळाले नाही. बसूनच राहिले. आत कोण असेल, कुठे निघाला असेल, असले विचार येत होते. पण मग जूनमध्ये एका दुपारी जोडी उडाली आणि माझे पाय आपोआप खिडकीकडे. मैत्रिणीला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. छातीत जे होतं ते होतं. मात्र दुबईनंतर एक बदल झालाय. हल्ली मी यूट्यूबवर जुने डिस्प्ले बघते तेव्हा शेवटची दोन मिनिटं पुढे ढकलत नाही. बघायला गेलं तर कंटाळवाणा प्रकार. चाकं बाहेर, नाक किंचित वर, टायरचा धूर, बस्स.

पुढचा एरो इंडिया २०२७चा. मामाला पुन्हा विचारलं. या वेळी चक्क 'बघू' म्हणाला, आणि आमच्या घरात मामाचं 'बघू' म्हणजे हो! अट एकच, शेवटचं विमान खाली येईपर्यंत कुणी जेवायला उठायचं नाही. टोप्या आणि इअरप्लग माझ्याकडे, पराठे मामीकडे. स्लीपरची खालची सीट मात्र तो सोडणार नाही म्हणतोय.