चरीतली चांदी

धातूवर पोलादी कलमाने चर काढून नक्षी कोरण्याची कला दोन वाटांनी वाढली. युरोपात सोनार आणि चिलखतकार यांच्या हत्यारांनी ती तांब्याच्या पत्र्यावर उतरली, चरीत शाई भरून कागदावर छाप घेतला जाऊ लागला आणि त्यातून मुद्राचित्र निर्माण झाले. दख्खनमध्ये मात्र बहमनी काळापासून बिदरला त्याच चरीत चांदी ठोकली गेली व तिला बिदरीकाम असे नाव पडले. पहिल्या वाटेवरची मराठी मुलखातील खूण म्हणजे 1805 साली मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापलेली भगवद्गीता होय. दुसऱ्या वाटेवरचे काम छत्रपती संभाजीनगरात आजही पाहावयास मिळते.

प्रस्तुत प्रवासातील वेरूळ व अजिंठा यांविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. बीबी का मकबऱ्याची ताजमहालाशी होणारी कंटाळवाणी तुलनाही बाजूला ठेवता येईल. तेथे खरे पाहण्यासारखे आहे ते पितळी पत्र्याने मढवलेले प्रवेशद्वार, कारण वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे त्या द्वारावर कोरलेली आढळतात. याउलट बाजारातील एका दुकानात काळ्या रंगावर रुपेरी फुले रंगवलेली डबी अस्सल बिदरी म्हणून पुढे करण्यात आली, आणि विक्रेत्याच्या निर्विकार आत्मविश्वासाने प्रवासी इतका वैतागला की जुन्या शहरातील एका घरगुती कारखान्याची चौकशी त्याने त्याच दुपारी केली.

त्या घरात सासरे ओतकाम करीत, मुलगा कलम चालवी आणि सून तार बसवी. बिदरीचा धातू जस्ताचा असून त्यात तांब्याचा अल्प अंश असतो. ओतलेले भांडे घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले की ते तात्पुरते काळे पडते व त्यावर रेखाटलेली वेल डोळ्यांना दिसू लागते. पुरुषाने कोरलेली चर सुनेच्या हाती आली की ती चांदीची बारीक तार चरीच्या वळणावळणाने नेई आणि लहान हातोडीने ठोकून बसवी; तिची नजर हातोडीवर नसून तारेच्या पुढच्या टोकावर असे, आणि एखादी चर उथळ वाटली तर भांडे निमूटपणे नवऱ्याकडे परत जाई. अखेरीस नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप ऊन केलेल्या भांड्यावर चोळतात, तेव्हा जस्त कायमचे काळे होते व चांदीला काही होत नाही. या मातीची पारख जिभेवर होते. सासूबाईंनी एका पुडीतील चिमूट तोंडात टाकली, तोंड वाकडे केले आणि ती पुडी बाजूला सारली, यावर घरात कोणीही वाद घातला नाही.

घर हाच कारखाना असेल तर बायकांचे हात कामात असतातच, प्रश्न उरतो तो नावाचा. इटलीतील मांतुआ येथे जन्मलेली दियाना स्कुल्तोरी ही वडील जोव्हान्नी बात्तिस्ता यांच्याकडे कोरीवकाम शिकली, पुढे रोममध्ये 1575 साली तिने आपली मुद्राचित्रे छापण्याचा व विकण्याचा अधिकार पोपकडून मिळवला आणि पत्र्यावर स्वतःचे नाव कोरले. छापात ते सुलटे यावे म्हणून पत्र्यावर उलटे कोरावे लागे, ही मेहनत तिला अनाठायी वाटली नसावी.

हा वृत्तान्त ऐकून सुनेने व्यवहाराची अडचण सांगितली. तळाशी अक्षरे कोरली की गिऱ्हाईक त्यांना ओरखडे समजून भाव पाडते. शिवाय ओतणारा एक, कोरणारा दुसरा, तार बसवणारी तिसरी आणि मातीवर निकाल देणारी चौथी, तेव्हा एवढ्याशा डबीच्या बुडाशी चौघांची नावे मावणार कशी, असे तिचे म्हणणे होते. सासूबाईंचे नाव मात्र पहिले यावे, असा सासऱ्यांनी आतून शेरा मारला.