धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं

शंकरानं गणपतीच्या धडावर हत्तीचं डोकं बसवलं ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. (आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी नाही सांगितली, आजीनं सांगितली.) पण धडातल्या शिरा आणि डोक्यातल्या शिरा जुळल्या कशा, हे आजीला विचारायचं राहूनच गेलं. देवाचं काम, जुळल्या असतील. माझ्या मामाला मात्र या जुळवाजुळवीत अख्खा हिवाळा गेला आणि तरीही एक शीर बाहेरूनच न्यावी लागली.

मामा मूळचा कोल्हापूरचा. डिप्लोमा करून उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला, आता मेलबर्नजवळ डँडेनाँगला एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, "तो तिकडे काय करतो?" आई म्हणते, "ऑस्ट्रेलियात असतो," आणि विषय जिलेबीकडे वळवते. मागच्या वर्षी परीक्षा संपल्यावर मी पाच आठवडे त्याच्याकडे गेले. आपल्याकडे जून म्हणजे पाऊस, तिकडे जून म्हणजे थंडी. गॅरेजमध्ये पाना हातात धरला की बर्फाची कांडी धरल्यासारखं वाटायचं. शिवाय डोक्यात घरच्यांचं पालुपद होतंच : सगळं जग बॅटरीवर चाललंय आणि ही मेकॅनिकल घेऊन बसली!

मामाकडे होल्डन कमोडोर व्हीएल टर्बो आहे. १९८६ साली ऑस्ट्रेलियात नव्या गाड्यांना शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. होल्डनचं स्वतःचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन त्यासाठी सुधारत बसण्यापेक्षा त्यांनी निसानकडून जपानी इंजिन घेतलं, आरबी३०. ब्लॉक बिडाचा, बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ८५ मिमी, एकूण २९६२ सीसी. टर्बोवालं मॉडेल १५० किलोवॅट द्यायचं. धड पैलवानाचं, पण डोकं साधं : एकच कॅमशाफ्ट, बारा व्हॉल्व्ह. इकडे त्याच घराण्यातलं आरबी२५, स्कायलाइनमधलं, २४९८ सीसीचं. त्याच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि चोवीस व्हॉल्व्ह. दोघांचा बोअर सारखाच, ८६. म्हणून तिकडच्या हौशी लोकांनी फार पूर्वीच हे लग्न जमवून टाकलं : ब्लॉक तीन लिटरचा, हेड अडीच लिटरचं.

बोअर जुळला, हेड ब्लॉकवर बसलं, म्हणजे झालं असं मला वाटायचं. मामा म्हणाला, "अगं, पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला का?"

पहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा. हे काम त्यानं माझ्याकडे दिलं. हेड उलटं ठेवायचं, दहनकक्षावर भोक पाडलेली पारदर्शक काच ग्रीस लावून चिकटवायची आणि ब्युरेटनं रॉकेल सोडत किती मावतं ते बघायचं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये जिला शिव्या दिल्या तीच ब्युरेट! नव्या हेडचा कक्ष जुन्यापेक्षा मोठा. आता गणित बघा. एका सिलिंडरचं आकारमान ४९४ सीसी. टर्बो इंजिनाचा मूळ रेशो ७.८, म्हणजे वर उरणारी जागा साधारण ७२.६ सीसी. हेडमुळे ती समजा ५ सीसीनं वाढली, तर रेशो ७.४ च्याही खाली जातो. टर्बोला कमी रेशो चालतो, पण टर्बोचा जोर येईपर्यंत गाडी म्हशीसारखी उठते. बिनटर्बोच्या इंजिनाचे पिस्टन घातले तर मूळ ९ चा ८.४ होतो. आकडा छान, पण ते पिस्टन ओतीव आणि जुने, टर्बोच्या माराखाली किती टिकतील? शेवटी मामानं घडीव पिस्टन मागवले, माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खाचा असलेले. मामीनं नव्या ओट्यासाठी साठवलेल्या पैशातला मोठा हिस्सा त्यात गेला. दोन दिवस घरात फक्त "जेवायला या" एवढंच ऐकू आलं.

मग पट्टा. आरबी३० चा ब्लॉक आरबी२५ पेक्षा जवळजवळ दीड इंच उंच. त्यामुळे टायमिंग बेल्ट तोकडा पडतो. लांब बेल्ट घ्यायचा तर टेन्शनरची जागा हलवावी लागते आणि त्यासाठी ब्लॉकला नवं भोक पाडावं लागतं. होल्डननं ऑस्ट्रेलियातलं उत्पादन २०१७ मध्येच थांबवलं. व्हीएल तर १९८८ नंतर बनलीच नाही. हा ब्लॉक फुकट गेला तर दुसरा कुठून आणणार? मामानं तीन वेळा रेघ मारली, तीन वेळा पुसली, मग ड्रिल लावलं. मी श्वास रोखून टॉर्च धरून उभी.

सगळ्यात गमतीचं काम चिकणमातीचं, म्हणजे लहान मुलांच्या प्लॅस्टिसिनचं. पिस्टनच्या डोक्यावर ती थापायची, हेड तात्पुरतं आवळायचं, क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि हेड काढून माती ब्लेडनं कापायची. व्हॉल्व्हचा ठसा जिथे खोल, तिथे माती किती जाड उरली ते मोजलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कळतं. अठरा हजारांचं सॉफ्टवेअर नको, मातीचा गोळा पुरे.

आणि आता त्या शिरा. या हेडमध्ये इनटेक कॅमचं टायमिंग तेलाच्या दाबावर बदलतं. ते तेल आरबी२५ च्या ब्लॉकमधून येतं. आरबी३० च्या ब्लॉकमध्ये ती वाटच नाही. म्हणून बाहेरून वेगळी नळी. खरी डोकेदुखी मात्र उरलेल्या तेलाची. ते वर जास्त गेलं तर वेगात खाली उतरायला उसंत मिळत नाही, हेड भरतं, खाली संप रिकामा होतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात. कमी गेलं तर हायड्रॉलिक टॅपेट खडखडतात. मधला मार्ग म्हणजे तेलाच्या वाटेत बारीक भोकाचं एक बूच. चिमटीत मावणारी ती वस्तू. मामानं ती लेथवर स्वतः बनवली. मापं घेत, घासत, पुन्हा मापं घेत. उद्यमनगरातला तो पोरगा त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसला. आई ज्याला जिलेबीखाली झाकते, ते हे काम!

व्हिक्टोरियात एवढा फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणायची तर व्हीएएसएस योजनेतल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. मामानं असे एक गृहस्थ काम चालू असतानाच बोलावले होते. मला वाटलं, येऊन इंजिनाचं कौतुक करतील. त्यांनी आधी चाकं काढायला लावली आणि ब्रेक बघितले. ताकद वाढवताय, थांबवणार कसं? मग मामाची वही मागितली. त्यात माझ्या ब्युरेटचे सहाही आकडे होते. त्यांनी दोन आकडे स्वतः पडताळले आणि मान हलवली. आमच्या वायवामध्ये इतकी छाती कधी धडधडली नव्हती.

इंजिन चालू व्हायच्या आधीच माझं परतीचं तिकीट आलं. ऑगस्टमध्ये मेसमध्ये पिठलं-भाकरी चाललेली असताना व्हिडिओ आला. आधी स्पार्क प्लग काढून नुसतंच फिरवलेलं, तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत. मग प्लग लावून किल्ली. सुरुवातीला टॅपेटची टकटक, मग हळूहळू ती विरत गेली. शेजारच्या टेबलावरची सीएसची मुलगी म्हणाली, "हे काय, मिक्सर?" मी तिला दुसऱ्यांदा ऐकवला.

गेल्या आठवड्यात मामाचा मेसेज होता : हजार किलोमीटर झाले, फिल्टर कापून बघितला, धातूचा कण नाही, मामी मागे बसून मंदिरात जाऊन आली. गरम झाल्यावर तेलाचा दाब किती राहतो हे मात्र त्यानं लिहिलेलं नाही. आज रात्री फोन करून विचारते.