गालातलं हसू

पेणला मामाच्या घराचं रंगकाम निघालं आणि माजघरातली शिवाजी महाराजांची तसबीर खाली उतरली. मागचा पुठ्ठा ओलीने फुगलेला. तो कुबट वास नाकात गेला आणि आजी आठवली. दसऱ्याला ती काच पुसायची, गंध लावायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "बघ, गालात हसतायत."

मला तेव्हा दिसायची फक्त दाढी.

इतिहास-संशोधक वा. सी. बेंद्रे याच पेणचे, जन्म १८९४चा. महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. बेंद्र्यांनी १९३३ साली डचांच्या मार्फत टिकलेलं अस्सल चित्र पुढे आणलं. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी १६८०च्या दशकात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी राजे-सरदारांच्या तसबिरी केल्या. त्यांतले महाराज आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. टोकदार दाढी, डोक्यावर तुरा, हातात शस्त्र. दरारा बसवायला लागतं ते सगळं आहे, ओठ मात्र सैल. शस्त्र पराक्रम सांगतं. तो मिरवायची या माणसाला गरज नाही, हे ओठ सांगतात.

आजी म्हणायची ते हेच.

चित्रकाराची ही नुसती धाटणी असेल, असं कुणी म्हणेल. पण १६६४ला सुरतेत असलेल्या एस्केलियट या इंग्रज पाद्र्यानेही, पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकून, तेच लिहिलं: बोलताना चेहरा हसरा, नजर तीक्ष्ण. महाराजांनी नुकतीच सुरत लुटली होती. म्हणजे लुटल्या गेलेल्या गावातल्या माणसांनाही ते हसू लक्षात राहिलं!

आणि आपण? जीपच्या मागच्या काचेवर लाल डोळ्यांचे, दात-ओठ खाणारे महाराज चिकटवतो. त्या चित्रांवर माझा जुना राग आहे. आजीला ती दाखवली असती तर तिने गंध लावलं नसतं.

परतताना गणपतीच्या एका कारखान्यात डोकावलो. डोळ्यांची आखणी चालू होती. ती नेहमी जुन्या हाताकडे. म्हातारबुवांना विचारलं, अवघड काय? मान वर न करता म्हणाले, "राग सोपा. भुवई ओढली की झाला. हसू ओठाच्या कोपऱ्यात असतं. तिथं ब्रश जरा जड पडला की मूर्ती कुत्सित दिसते."

महाराजांची चित्रं काढणाऱ्या पोरांनो, भुवया पुरे झाल्या. आता ओठ काढायला शिका.