छताची चावी

एप्रिलात आमच्या इमारतीच्या जिन्यात एक कागद चिकटला. 'समोरच्या बाल्कनीत कपडे वाळू घालू नयेत. छताचं दार बंद राहील.' बाहेर वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेचं ऊन भाजून काढत होतं. वर्ध्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि त्या उन्हाला आमच्या छतावर कुलूप लागलं होतं.

कागद लागायला कारण मीच. मगन संग्रहालयातून घेतलेली माझी खादीची साडी मी हातानं धुते. ओली झाली की ती एकटीला पिळवत नाही. एके दिवशी तशीच बाल्कनीत टाकली आणि आत गेले. खालच्या काकूंनी अंगणात पलंगावर मुगवड्या घातल्या होत्या. "ताई, रात्री डाळ भिजवली, पहाटे उठून वाटली, अन् तुमच्या साडीचं पाणी माह्या वड्यांवर!" त्या रागावल्या नव्हत्या, रडवेल्या झाल्या होत्या. निम्म्या वड्यांचा लगदा झाला होता. मला फार वाईट वाटलं. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती.

पण नंतर इमारतीच्या बैठकीत गोष्ट मुगवड्यांवरून भलतीकडे गेली. बाल्कनीतले कपडे पाहुण्यांना बरे दिसत नाहीत, बायकांचे कपडे तर नाहीतच, असं एकानं म्हटलं. घरोघरी मशीन आहे, ड्रायरमध्ये वाळवा, असं दुसऱ्यानं.

आपल्याकडच्या बहुतेक मशीनचा ड्रायर कपडे वाळवत नाही. गरगर फिरवून पिळतो. उरलेलं पाणी उडवायला ऊन लागतं नाहीतर वीज. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते. पिळलेल्या बादलीभर धुण्यातही दोन-तीन लिटर पाणी सहज असतं. वर्ध्याच्या मे महिन्यात हेच काम छतावर थोड्याच वेळात, फुकट होतं. माझी पुतणी फ्लोरिडात राहते. तिच्या वसाहतीतही दोरी दिसली की शेजारी नाक मुरडतात, पण वसाहतीच्या नियमांनी दोरीवर बंदी घालता येत नाही, असा तिथला कायदाच आहे. ते ऐकून मला बळ आलं.

खरं बोलायचं होतं ते मात्र वेगळं. माझ्या लहानपणी घरात मागच्या खोलीत वलणी होती. आई आणि मी पाळीची कापडं धुऊन त्या वलणीवर टाकायचो, वरून जुनं लुगडं. कुणाला दिसू नये म्हणून. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस ओलसर राहायची, कुबट वास यायचा, आणि तीच परत वापरायची. मांड्यांना खाज सुटायची, चट्टे उठायचे. ते कुणाला सांगायचंही नाही. ती कापडं कडक उन्हात वाळवायची असतात, हे मला चाळिशीत एका डॉक्टरबाईंनी सांगितलं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर नर्सिंग शिकणाऱ्या तीन मुली भाड्यानं राहतात. खोली उत्तरेकडची, मशीन नाही. छताला कुलूप लागल्यापासून त्यांचे कपडे आतच, पंख्याखाली. बैठकीत मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लुगड्याखालच्या वलणीची गोष्ट सगळ्यांसमोर, पुरुषांसमोरही, सांगितली. आवाज कापत होता. पहिल्यांदा बोलल्या त्या खालच्या काकूच: "मंग छत उघडा ना जी. वड्याबी वरच घालीन मी."

आता छताची चावी जिन्यातल्या खिळ्यावर असते. पाणी निथळणारा कपडा बाल्कनीत टाकायचा नाही. खादी मी आता काकूंच्या ड्रायरमधून फिरवून आणते. छताचा दक्षिणेकडचा भाग वाळवणाचा: कुरडया, पापड, मुगवड्या. उत्तरेकडे तीन दोऱ्या. रंगीत कपडे उलटे करून घालायचे, नाहीतर आमचं ऊन महिन्यात रंग खातं. वावटळ दिसली की जो घरात असेल त्यानं सगळ्यांचे कपडे उचलायचे.

परवा दुपारी मी साडी काढायला वर गेले. त्या तिघींपैकी धाकटी दोरीशी उभी होती. तिनं आधी ओढणी टाकली, मग तिच्या आडोशाला आतले कपडे लावायला घेतले. मला पाहून थांबली. मी काही बोलले नाही, माझ्या साडीचे चिमटे काढून तिच्या हातात दिले. तिनं ओढणी सरकवून दोरीच्या टोकाला नेली आणि उरलेले कपडे भर उन्हात एकेका चिमट्यानं लावले.