पाऊण तास

नैरोबीहून मोंबासा किती लांब, असे मी जावईबापूंना विचारले. ते म्हणाले, "पाऊण तास." अंतर विचारावे आणि उत्तर वेळेत मिळावे, ही चाल मला नवी नाही. आमच्याकडेही पुढचे गाव दोन विड्यांवर असे. पण पाऊण तास ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

मोंबासाला माझे थोरले बंधू राहतात. आई गेली तेव्हा मी त्यांना नको ते बोललो, आणि त्यानंतर नऊ वर्षे आमचे एकमेकांना पत्र नाही. चूक माझी होती हे कळायलाच त्यांतली सात गेली. 2023 च्या डिसेंबरात मी मुलीकडे नैरोबीला गेलो तो खरे तर त्यांच्यासाठीच. काय बोलायचे ते वाटेत जुळवू, असा बेत होता.

हवेतून हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरांचे. मनात पहिले वाक्य घोळवतो आहे, तोच उजव्या खिडकीत किलिमांजारो उभा राहिला. खाली ढग, वर नुसता माथा! अशा वेळी कोणाला वाक्ये सुचणार? मग सरबत आले. पेला रिकामा होतो न होतो तोच पट्टे बांधण्याची सूचना झाली. माझी गाडी "दादा" या शब्दापुढे सरकली नव्हती.

याच दोन गावांमध्ये रूळ टाकायला एके काळी तीन वर्षे लागली. मोंबासाहून 1896 साली काम निघाले, ते नैरोबीला पोचले 1899 मध्ये. पुढे 1901 साली व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. त्यासाठी आपल्या देशातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. 1898 साली त्सावोला दोन सिंह तंबूंतून माणसे ओढून नेत. आणि मी एका वाक्याला भीत होतो!

टॅक्सीवाल्याला म्हटले, "पोलेपोले." जावईबापूंनी शिकवलेल्या स्वाहिलीतला तो निम्मा भाग. पोलेपोले म्हणजे हळूहळू. नुसते पोले म्हणजे वाईट वाटते, माफ करा. तो बिचारा इतका हळू चालला की मलाच लाज वाटली. तरी घर आलेच.

दार दादांनीच उघडले. केस पार पांढरे झाले होते. जुळवलेले काही नव्हतेच, तोंडातून निघाले, "पोले, दादा."

ते क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, "दोनदा म्हण की! नऊ वर्षांनी येतो आहेस." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

परतताना विमानाचे नाव दोघांनीही काढले नाही. 2017 साली सुरू झालेली नवी आगगाडी पाच-सहा तास घेते. दादा नैरोबीपर्यंत सोबत आले. त्सावोत लाल मातीने माखलेले हत्ती अगदी रुळांजवळ होते म्हणे. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मागाहून सांगितले. आम्ही तेव्हा आईविषयी बोलत होतो.